धर्माचा रकाना

१९९१ च्या फेब्रुवारीत सरकारने मला सहाशे बारा माणसं मोजायला दिली. मी मागितली नव्हती. लखनऊच्या ज्या मिशन शाळेत मी गणित शिकवत होते, तिथून जनगणनेसाठी सात शिक्षिकांची नावं गेली. त्यांपैकी तिघींना ताबडतोब पाठदुखी सुरू झाली आणि दोघींच्या सासवा आजारी पडल्या. उरलेल्या दोघींत मी. टाळाटाळ मलाही जमली असती, पण सरकारी काम म्हटलं की माझ्या अंगात ताठा येतो. कर वेळेवर भरावा, मत द्यावं, रांग मोडू नये आणि मोजायला सांगितलं तर मोजावं. आमच्या नगरच्या घरात हे सगळं धर्मातच धरलं जायचं. माझे वडील रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणं हेसुद्धा ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य मानत.

आमचं प्रशिक्षण हजरतगंजातल्या एका सरकारी हॉलमध्ये झालं. आमच्या गटाचे पर्यवेक्षक होते गजेंद्र सक्सेना, एका इंटर कॉलेजातले इतिहासाचे मास्तर. गालात पान, गळ्यात मफलर आणि बोलण्यात घाई अजिबात नाही. त्यांनी दोनच गोष्टी मनावर बिंबवल्या. "पहली बात, जो बोला जाए वही लिखिए. अपनी अक़्ल घर छोड़कर आइए. दूसरी बात, जो सुना वो किसी को बताना नहीं है. पति को भी नहीं, पादरी को भी नहीं." शेवटचा शब्द माझ्याकडे बघून होता. सगळे हसले, मीही हसले. घरोघरी ऐकलेली माहिती बाहेर फोडणं हा गुन्हा आहे, ती कोर्टातही पुरावा म्हणून मागता येत नाही, असं त्यांनी पुस्तिकेतून वाचून दाखवलं. मला ते आवडलं. आपल्यावर कुणीतरी एवढा विश्वास टाकतं आहे, असं वाटलं.

माझ्या वाट्याला आलमबागजवळची रेल्वे क्वार्टर्स आली. रोज दुपारी शाळा सुटली की मी खांद्याला पिशवी अडकवून दारं ठोठावत हिंडायची. दिवस बरे नव्हते. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच अयोध्येच्या वादावरून शहराने कर्फ्यू पाहिला होता. नाव, वय, शिक्षण लोक भराभर सांगत, आणि मी "धर्म?" असं विचारलं की अंगणातली कुजबुज थांबायची. सांगणारा आधी शेजाऱ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून लिहायची. तेवढ्यापुरतं मला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

ह्याच क्वार्टर्समध्ये रमाकांत वाघमारे राहत होते. लखनऊत तेव्हा आम्ही आठ-नऊ मराठी ख्रिस्ती कुटुंबं होतो. रविवारी सगळे हिंदी उपासनेला जायचे, पण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनासभा भरायची. तिच्या प्रमुख पद्मिनीबाई, निवृत्त नर्स. त्यांनी डोळे वटारले की तान्ही मुलंसुद्धा रडायची थांबत. आणि त्या सभेचा प्राण म्हणजे रमाकांतभाऊ. ते पेटी वाजवायचे. शिकलेले कुठेच नव्हते, पण आमच्यासारख्या नऊ दिशांना गाणाऱ्या माणसांना एका सुरात आणायचे. रेल्वेच्या कारखान्यात ते चार्जमन होते. मूळचे आमच्याच नगर जिल्ह्यातले, पण जन्माने ख्रिस्ती नाहीत. नोकरीनिमित्त लखनऊत आल्यावर, १९७९ साली, त्यांची मुलगी शर्मिष्ठा टायफॉइडमधून वाचली. तेव्हा पद्मिनीबाईंनी रात्रंदिवस शुश्रूषा केली होती. त्या वर्षी रमाकांतभाऊ आणि कल्पनावहिनींनी बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या वहीत साक्षीदार म्हणून माझी आणि माझ्या नवऱ्याची, मधुकरची, सही आहे.

त्यांचं घर मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलं. दिवसभर परक्या दारांत उभं राहून पाय दुखायचे. म्हटलं, शेवटी आपल्या माणसांत बसून चहा पिऊ. आणि इथेच मी माती खाल्ली. वेळ वाचावा म्हणून शाळेच्या स्टाफरूममध्ये बसूनच मी त्यांचा फॉर्म भरून टाकला. मास्तरणीची खोड, दुसरं काय. हजेरीपटावर पोरांची नावं आधीच लिहून ठेवतो, तसं. त्यांची नावं मला माहीत, वयं माहीत, कारण सगळ्यांचे वाढदिवस आम्ही सभेत साजरे करायचो. मातृभाषा मराठी. धर्माच्या रकान्यात तिघांच्याही नावापुढे मी हिंदीत लिहिलं, 'ईसाई'. छान, गोलाईदार अक्षरात.

मी गेले तेव्हा अंगणात शेजारचे फोरमन चहा पीत बसले होते. त्यांचं घर मी आदल्या दिवशीच मोजलं होतं, पण दुसऱ्याच्या घरची मोजदाद ऐकायला कुणाला आवडत नाही? रमाकांतभाऊ उठून उभे राहिले. एरवी ते "सलाम, ताई" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "आइए मैडम, बैठिए."

मला गंमत वाटली. मीही सरकारी आवाजात विचारायला सुरुवात केली. नाव, वय, शिक्षण. उत्तरं मिळत होती आणि मी भरलेल्या रकान्यांवरून पेन फिरवल्यासारखं करत होते. मग विचारलं, "धर्म?"

"हिंदू," रमाकांतभाऊ म्हणाले. स्वच्छ, खणखणीत. "जाति महार. अनुसूचित में लिख लीजिए. तीनों का."

माझा हात आपोआप फॉर्मवर गेला, परीक्षेत पोरं पेपर झाकतात तसा. फोरमन चहा संपवून, "अच्छा वाघमारेजी, चलते हैं," म्हणत निघून गेले. कल्पनावहिनींनी फाटकाची कडी लावली. अंगणात आम्ही तिघंच उरलो.

"ताई, हात काढा," रमाकांतभाऊ आता मराठीत म्हणाले. "मला दिसलंय."

मी हात काढला. तीन नावं, तीनदा 'ईसाई'.

अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की सरकारच्या लेखी त्याची जात संपते आणि जातीबरोबर राखीव जागाही जाते. गावाच्या लेखी काहीच संपत नाही, पण गावाचे आदेश राजपत्रात छापून येत नाहीत. बौद्धांना ती सवलत आदल्याच वर्षी मिळाली होती, ख्रिस्ती माणसाला नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. नव्हतं माहीत ते एवढंच की रमाकांतभाऊंची नोकरी राखीव जागेवरची होती. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी कागद बदलले नव्हते, आणि त्यानंतरच्या दोन बढत्याही त्याच दाखल्यावर मिळाल्या होत्या. शर्मिष्ठा बारावीला होती. तिचा इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म त्याच दाखल्यासकट गेला होता.

"हे कागद कुणीही बघत नाही," मी म्हणाले. "कायदा आहे तसा. कोर्टसुद्धा मागू शकत नाही. खरं ते लिहिलेलं राहू द्या, भाऊ. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही."

"तुमचे सक्सेनाजी बघतील की. त्यांचे मेहुणे आमच्या कारखान्यात पर्सनलला आहेत, माझी फाइल त्यांच्याच कपाटात असते. ते सांगतील असं मी म्हणत नाही. पण नाही सांगणार म्हणून मी कुणाच्या भरवशावर राहू?"

"मग मी आता काय करायचं?"

"खोडा आणि मी सांगितलं ते लिहा."

मी चिडले. खरं सांगायचं तर मला फार राग आला. "तुमच्या बाप्तिस्म्याला माझी सही आहे," मी म्हणाले. "प्रभूचं नाव घेतलंत तेव्हा मी शेजारी उभी होते. आता तेच नाव मी माझ्या हाताने खोडू? उद्या माझ्या वडिलांना तोंड कसं दाखवू?"

माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांची गोष्ट आमच्या घरात रोज जिवंत असायची. कॉलेजात असताना त्यांना मागासवर्गीयांची शिष्यवृत्ती मिळत होती. कुणीतरी सुचवलं, धर्मापुढे हिंदू लिही, कोण बघतंय. त्यांनी ख्रिस्ती लिहिलं. शिष्यवृत्ती गेली, कॉलेज सुटलं, आणि ते मिशन दवाखान्यात कंपाउंडर झाले. ही गोष्ट मी रमाकांतभाऊंना पूर्वी निदान चारदा ऐकवली होती, सभेत साक्ष म्हणून. दर वेळी त्यांनी मान खाली घालून ऐकली होती. का, ते मला त्या अंगणात कळलं.

कल्पनावहिनी कमी बोलतात. चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "ताई, एक विचारू? तुमच्या वडिलांना कंपाउंडरची नोकरी कुणी दिली?"

"मिशनने."

"तुमची फी?"

"मिशननेच माफ केली होती."

"आणि आता तुमची शाळा मिशनचीच. म्हणजे तुम्हाला ख्रिस्ती म्हणून नोकरी मिळाली आणि ह्यांना ख्रिस्ती नाहीत म्हणून. तुमचं खरं तुम्हाला खायला घालतं. आमचं खरं आमच्या ताटातलं काढून घेतं. मी तुम्हाला नावं ठेवत नाही हं. फक्त हिशेब सारखा नाही, एवढंच म्हणते."

इतकी वर्षं मी सभांमधून साक्ष देत आले, आणि खरेपणाची किंमत मी स्वतः कधी एक पैशाचीही मोजलेली नव्हती, हे कुणाला तरी मला कप उचलता उचलता सांगावं लागलं. शर्मिष्ठा दारात येऊन उभी होती. ती मराठी समजते, बोलते हिंदीच. "आंटी, मैं रविवार को जो गाती हूँ वो झूठ नहीं है," ती म्हणाली. "बस कागज़ झूठा है." आणि आत निघून गेली.

"दोन-चार दिवसांनी येते," असं म्हणून मी फॉर्म पिशवीत घातला.

ते चार दिवस वाईट गेले. मधुकरला सांगता येत नव्हतं. तो हजरतगंजातल्या बँकेत अधिकारी. घरी आला की टीव्हीवर आखातातलं युद्ध बघत बसायचा. "तुझं काय बिनसलंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं पाय दुखताहेत, तर तो बिचारा गरम पाण्याची बादली घेऊन आला. पाळकांकडे जाऊन सल्ला विचारायचा तर त्यालाही बंदीच. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. मी पहाटे उठून प्रार्थना करायची आणि मधेच थांबायची, कारण नेमकं काय मागायचं ते कळत नव्हतं. फॉर्म आहे तसा दिला, तर मी सरकारला दिलेला शब्द मोडते: जो बोला जाए वही लिखिए. खोडला, तर जे खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक आहे त्यावर सही करते. दोन्ही बाजूंनी मीच खोटी पडत होते. आणि मनाच्या तळाशी एक हलकट विचारही होता, तोही सांगते: फॉर्म तसाच राहू द्यावा, त्यात माझा काय दोष, रमाकांतभाऊंनी आधीच कागद बदलायला हवे होते.

शेवटी मी सक्सेनाजींना गाठलं. नाव-गाव न घेता विचारलं, समजा गणना करणाऱ्याला पक्कं माहीत आहे की समोरचा माणूस खोटं सांगतो आहे. मग?

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "चौक में हमारे एक बुज़ुर्ग हैं. पिछली गिनती में साठ के थे. कल गया, अब भी साठ के हैं. हमने साठ लिखा." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "मैडम, मुल्क को अपने बारे में जितना सच बोलने की हिम्मत होगी, उतना ही सच हमारे रजिस्टर में आएगा. बाक़ी का ज़िम्मा आपका नहीं है. काटिए तो सीधी लकीर से काटिए, और बग़ल में दस्तख़त कर दीजिए."

त्यांना काय कळलं होतं, काय नव्हतं, देव जाणे. पुढे त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही, आणि त्यांच्या मेहुण्यांच्या कपाटातली ती फाइलही जागची हलली नाही. माणूस भला होता. पण हे आज सांगता येतं. त्या दिवशी त्यांच्या भलेपणावर पैज लावायची तर पणाला लागलं असतं ते रमाकांतभाऊंचं घरदार, माझं नव्हे. वडील शिष्यवृत्ती हरले ती स्वतःची. दुसऱ्याच्या मुलीचं कॉलेज पणाला लावून आपण सत्यवान व्हायचं, हे काही ते नव्हे.

अठ्ठावीस तारखेला, शेवटच्या दिवशी, मी रमाकांतभाऊंच्या घरी गेले. ते कारखान्यातून नुकतेच आले होते, हाताला ग्रीसचा वास होता. मी चटईवर बसले, पिशवीतून पट्टी काढली आणि पहिल्या नावापुढच्या 'ईसाई'वर रेघ मारली. वर 'हिंदू' लिहिलं, बाजूला सही केली. दुसरी रेघ. सही. तिसरी रेघ शर्मिष्ठाच्या नावापुढची. तिला टायफॉइड झाला तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिथेही सही मी केली. मग अनुसूचित जातीचा रकाना भरला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाप्तिस्म्याच्या विधीला दीड तास लागला होता.

रमाकांतभाऊ सगळा वेळ माझ्या पेनाकडे बघत होते. झाल्यावर म्हणाले, "उपकार झाले, ताई."

"उपकार कसले. काम आहे माझं."

"रविवारी सभा तुमच्याकडे आहे ना?"

"हो. जेवण करूनच जा सगळे."

"मी येणार नाही." ते खाली बघत म्हणाले. "पेटी वाजवणं होणार नाही माझ्याच्याने."

"का? मी कुणाला सांगणार नाही, भाऊ. मधुकरलाही सांगितलेलं नाही."

"ते माहीत आहे. तुम्ही सांगायच्या नाहीत." ते फडक्याने हात पुसत राहिले. "आजवर मी सभेत बसायचो तेव्हा ही गोष्ट मला आणि देवाला माहीत होती. त्याचं आणि माझं काय ते आम्ही बघून घेत होतो. आता तुम्ही समोर बसलेल्या असाल."

मला रडू यायला लागलं. आणि फॉर्म भिजला तर सक्सेनाजींना काय सांगायचं, हा विचार आधी आला. मी कागद पिशवीत घातला आणि निघाले.

तीन मार्चला रविवारी आमच्या घरी सभा भरली. रमाकांतभाऊ आले नाहीत, कल्पनावहिनी आल्या नाहीत, शर्मिष्ठा आली नाही. पेटीशिवाय आम्ही गायलो. पहिलं कडवं संपेपर्यंत अर्धे एका सुरात आणि अर्धे दुसऱ्या, आणि मधुकर नेहमीप्रमाणे दोन्हींच्या मधे. कुणीतरी हसलं. पद्मिनीबाईंनी डोळे वटारले आणि स्तोत्रसंग्रह मिटला.

"रमाकांत कधी चुकत नाही," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांत एकदा नाही चुकला. काय झालंय?"

कुणालाच माहीत नव्हतं. मधुकर माझ्याकडे वळला. "अगं, तू परवाच गेली होतीस ना त्यांच्याकडे, जनगणनेला? काही बोलले का?"

माझ्या मांडीवर पवित्र शास्त्र होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या, आणि त्यात संशय कुणाच्याच नव्हता. मी खोटं बोलत नाही, ही माझी ख्याती.

"नाही," मी म्हणाले. "जरा कणकण होती म्हणत होते."

"तापच असणार," पद्मिनीबाई म्हणाल्या. "हवा बदलतेय. प्रतिमा, तू त्याला शेवटचं भेटलीस, तूच त्याच्यासाठी प्रार्थना कर."

मी उभी राहिले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. रमाकांतभाऊंना ताप नव्हता. त्यांची तब्येत ठणठणीत होती, आणि त्या क्षणी ते पाऊण मैलावर आपल्या घरी पेटीला गवसणी घालून बसलेले असणार, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, मला आणि ज्याच्याशी मी बोलायला उभी राहिले होते त्याला. मी डोळे मिटले आणि स्वच्छ आवाजात, प्रभू, त्यांचा ताप उतरू दे, अशी प्रार्थना केली.

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.